न चालवता लिहिलेली तुलना

नंदुरबारला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली त्याला. गाव रनाळे. तिथली शेती थोरला भाऊ बघतो, मी शहरात येऊन हे करत बसलो. कोणाचा प्रिंटर कागद खातो, कोणाचं मशीन चालूच होत नाही, अशी कामं. लोक विचारतात, मी सांगतो. हळूहळू अशी सवय लागते की आपण सांगितलं म्हणजे ते खरंच असतं.

शहाद्याचं एक खाजगी हॉस्पिटल माझं जुनं गिऱ्हाईक. तीस खाटांचं. कॉम्प्युटर बारा: नोंदणीच्या टेबलावर, औषधाच्या काउंटरवर, लॅबमध्ये, डॉक्टरांच्या केबिनमध्ये. सगळे जुने, पण धडधाकट. त्यांच्या विंडोजला आता सुधारणा मिळणार नाहीत असा निरोप रोज पडद्यावर यायला लागला, आणि नवी विंडोज त्या जुन्या मशीनवर चढत नव्हती. डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं.

"ते लिनक्स म्हणतात ना, ते आपल्या मशीनवर चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल की," मी म्हणालो.

"त्यातही बरेच प्रकार आहेत म्हणे. कोणता आपल्या कामाचा, ते नीट तपासा आणि मला लेखी द्या. तुलना करून. इथे पेशंटचं काम असतं, उगीच अंदाजपंचे नको."

मी मान हलवली. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी, कुणाच्याही मालकीची नसलेली सिस्टीम. तिची वेगवेगळ्या लोकांनी बांधलेली वेगवेगळी रूपं आहेत. मला त्यातली एक-दोन वरवर माहीत होती. दुकानात एखाद्या फार जुन्या मशीनवर बसवून द्यायचो. पण अख्खं हॉस्पिटल त्यावर चालवायचं तर काय काय बघावं लागतं, याचा मी कधी विचार केला नव्हता. आणि हे मला माहीत नाही, असं डॉक्टरांना सांगायला जीभ रेटत नव्हती.

मी तीन नावं घेतली. उबंटू, मिंट आणि डेबियन. नेटवरची चार-पाच पानं उघडली आणि दुपारच्या जेवणाआधी एक तक्ता तयार केला. किती वर्षं सुधारणा मिळतात, विंडोजची सवय असलेल्या माणसाला कोणती जवळची वाटते, कोणती कमी ताकदीच्या मशीनवर हलकी चालते, मराठी टायपिंग कसं होतं, प्रिंटर लगेच ओळखते का. प्रत्येक घरात बरोबरची खूण किंवा एक वाक्य. मिंटच्या पुढे लिहिलं, 'कर्मचाऱ्यांना शिकायला सोपी'. डेबियनपुढे लिहिलं, 'अत्यंत स्थिर, पण बसवणाऱ्याला ज्ञान हवं'. उबंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती सर्वांत योग्य असा निष्कर्ष काढला. खाली एक ओळ टाकली: 'वरील तिन्ही प्रणाली प्रत्यक्ष चालवून तपासण्यात आल्या आहेत.'

या तुलनेसाठी एकही चालवली नव्हती. मिंट तर मी तोवर डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती.

डॉक्टरांनी तो तक्ता माझ्यासमोर वाचला, दोनदा मान हलवली आणि म्हणाले, "वा, असं काम पाहिजे." मला बरं वाटलं. आज ते आठवलं की कान गरम होतात.

त्या दिवशी लॅबमध्ये मी सहज डोकावलो. लॅब सांभाळणाऱ्या बाई नवापूरकडच्या, डोंगरातल्या गावच्या. पस्तिशीच्या आसपास. रक्त तपासणीचा डिप्लोमा केलेला, आठ-नऊ वर्षं तिथेच होत्या. घरी कोकणी, म्हणजे तिकडच्या आदिवासींची बोली, बोलत असाव्यात, पण आमच्याशी शाळेतल्या पुस्तकासारखं स्वच्छ मराठी बोलायच्या. त्यांच्या हाती माझा तक्ता होता. डॉक्टरांनी तो लगेच सगळ्या विभागांना वाचायला दिला होता.

"भाऊ, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "रक्ताचं मशीन यातल्या कोणाबरोबर लावून पाहिलंत का?"

लॅबमध्ये रक्तातल्या पेशी मोजायचं एक मशीन होतं. त्यातून निघालेले आकडे एका वायरीने थेट कॉम्प्युटरमध्ये जायचे आणि रिपोर्टमध्ये आपोआप बसायचे. ती वायर तक्त्यात कुठेच नव्हती.

"ते काय, वायर लावली की चालतं," मी म्हणालो.

"माझ्या घरच्या लॅपटॉपवर डेबियन आहे," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं तेच वापरते. म्हणून विचारलं. काही वायरींना अडचण येते."

मी हसलो. वाईट हसू होतं ते. "मॅडम, घरचा लॅपटॉप वेगळा आणि हॉस्पिटल वेगळं," असं म्हणून मी निघालो. मोटरसायकलवर प्रकाशा गावच्या पुलापर्यंत आलो तरी डोक्यात तेच होतं. नवापूरच्या जंगलातली बाई मला लिनक्स शिकवणार! हे शब्द मी कुणाशी बोललो नाही. पण मनात नेमके हेच होते, आणि इथे ते तसेच लिहिले पाहिजेत.

एका रविवारी बाराही मशीनवरची सिस्टीम बदलली. तक्त्यात मी उबंटूची सगळ्यांत नवी आवृत्ती लिहिली होती. पण ती उतरवून घ्यायची म्हणजे वेळ जाणार, आणि दुकानाच्या खणात दोन वर्षांपूर्वीच्या आवृत्तीचा पेन ड्राइव्ह तयार पडलेला. तोच वापरला. कोण बघतंय? नोंदणी चालू झाली, औषधाचं काउंटर चालू झालं, प्रिंटरने कागद बाहेर टाकला. डॉक्टरांनी चहा मागवला.

सोमवारी सकाळी फोन आला. रक्ताच्या मशीनचे आकडे कॉम्प्युटरला येत नव्हते.

मी मंगळवारी पोचलो. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडी होती आणि त्यात पांढरी अक्षरं सरकत होती. बाई त्याच्यासमोर वाकून वाचत होत्या.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"वायर लावली की सिस्टीम तिला ओळखते, आणि दोन सेकंदांत सोडून देते. का सोडते, ते इथे लिहून येतंय. बघा ना जरा..."

"मॅडम," मी आवाज चढवला, "यात हात घालू नका. हे तुमचं क्षेत्र नाही. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर सगळं बसेल."

दारात डॉक्टर उभे होते. त्यांनी ऐकलं. बाई उठल्या, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि मशीनपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी ती काळी खिडकी न वाचताच बंद केली. वायर काढली, लावली, मशीन बंद केलं, चालू केलं. काही झालं नाही. "शुक्रवारी येतो," असं सांगून निघालो. तोवर आकडे हाताने टाइप करा म्हणालो. दिवसाला साठ-सत्तर पेशंट, एकेकाचे दहा-बारा आकडे.

शुक्रवारी पुन्हा तेच. मी वायर खराब असल्याचं ठरवून टाकलं आणि नवी मागवतो, आठवडा लागेल, असं सांगितलं. निघताना बाईंनी मला एक घडी घातलेला कागद दिला.

"सवडीने वाचा, भाऊ. मी घरी करून पाहिलंय."

"बघतो," म्हणून मी तो शर्टाच्या खिशात टाकला.

रविवारी बायकोने धुवायचे कपडे काढले. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, कागदाचा तुकडा वाया जाऊ देत नाही.

"हाई कागद तुम्हना खिसामा व्हता. कामना शे का?"

"ठेव तथा," मी म्हणालो. तिने तो टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवला. पुढचे चार दिवस मी रोज त्याच्यासमोर बसून जेवलो. घडी उलगडली नाही.

त्या चार दिवसांत जे व्हायला नको ते झालं. तोरणमाळच्या वरच्या पाड्यातली एक गरोदर बाई तपासणीला आली होती. सातवा महिना. तिचं हिमोग्लोबिन मशीनवर सहा पॉइंट आठ होतं. लॅबच्या खिडकीसमोर रांग, आकडे हाताने भरायचे, आणि रिपोर्टवर आठ पॉइंट सहा छापलं गेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, गोळ्या लिहून दिल्या, पंधरा दिवसांनी या म्हणाले. ती बाई नवऱ्याबरोबर घाट चढून परत गेली.

संध्याकाळी लॅब बंद करायच्या आधी लॅबच्या बाई मशीनमध्ये साठलेले आकडे आणि छापलेले रिपोर्ट ताडून बघत. हाताने भरायला लागल्यापासून हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. चूक त्यांनाच सापडली. त्या तशाच डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "सर, आकडा मी उलटा टाकला." दुसऱ्या दिवशी उजाडताच डॉक्टरांनी जीप पाठवली. पाडा सापडायला, बाई सापडायला, नवरा तयार व्हायला दुपार झाली. तिला आणलं, रक्त चढवलं. पुढे तिचं बाळंतपण नीट झालं हे मला नंतर कळलं. पण त्या दिवशी ते कुणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टरांचा मला फोन आला तेव्हा ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आज वायर चालू झाली पाहिजे. कशी ते मला माहीत नाही."

फोन ठेवला आणि मी फळीवरचा कागद उलगडला.

सुंदर अक्षर होतं. बाईंनी लिहिलं होतं की आपल्या वायरीतल्या चिपचा ओळख क्रमांक आणि अंध लोकांच्या ब्रेल यंत्राचा ओळख क्रमांक एकच आहे. त्यामुळे या जुन्या आवृत्तीत ब्रेलसाठीचा जो प्रोग्राम आधीपासून असतो, तो आपल्या वायरीला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेतो. इथे ब्रेल कुणी वापरत नाही, म्हणून तो प्रोग्राम काढला की वायर मोकळी होईल. जादा वायर घरी नेऊन, लॅपटॉपवर हीच आवृत्ती बसवून पाहिली. चाललं. खाली द्यायची आज्ञा लिहिलेली. एकच ओळ. शेवटी 'चुकत असेन तर सांगावे.'

मी शहाद्याला गेलो. कागद खिशातच होता. तो पाठ झाला होता तरी ती ओळ टाइप करताना तो काढून मांडीवर धरला, टेबलाच्या खाली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. रक्ताच्या मशीनने बीप केलं आणि पडद्यावर आकडे भराभर येऊन बसले.

डॉक्टर मागे उभे होते. "काय झालं होतं?"

"सेटिंग बदललं गेलं होतं," मी म्हणालो. "परत जागेवर आणलं."

"कोणी बदललं?"

मी कुणाचंही नाव घेतलं नाही. मी फक्त मान वळवून बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीजवळ रक्ताच्या नळ्या लावत होत्या. डॉक्टरांनीही तिकडे पाहिलं. मंगळवारची काळी खिडकी त्यांना आठवलीच असणार. बाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्या मांडीवरचा कागद त्यांना तिथून दिसत होता का, ते मला कळलं नाही. मग त्यांनी मान खाली घातली. परत नळ्या लावायला लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना लॅबच्या कॉम्प्युटरवरून उठवलं आणि रक्त घ्यायच्या खिडकीवर बसवलं. महिन्याभराने त्यांनी नोकरी सोडली. मी प्रिंटरचा टोनर द्यायला गेलो तेव्हा तिथे दुसरंच कुणीतरी होतं. मी विचारलं नाही. मला हायसं वाटलं, हेही खरं आहे. आता तिथे मला बघून गप्प राहणारं कुणी नव्हतं.

सात-आठ महिने असेच गेले. डॉक्टर माझ्या कामावर खूश होते. त्यांनी तो तक्ता ओळखीच्या माणसांना दिला. पुढे नंदुरबारच्या व्यापाऱ्यांच्या एका बैठकीत मला बोलायला बोलावलं. विषय असा की धंद्यासाठी कोणतं लिनक्स चांगलं. दुपारची वेळ, पंखे फिरत होते, पन्नासेक माणसं होती. मिरचीवाले, डाळ मिलवाले, बियाण्याचे दुकानदार. मी तोच तक्ता मोठा छापून भिंतीवर लावला आणि तासभर बोललो. तोवर माझा त्याच्यावर स्वतःचा विश्वास बसला होता.

कुणीतरी विचारलं, "हॉस्पिटलमध्ये बसवलं तेव्हा काही त्रास?"

"सिस्टीमचा काही त्रास नाही," मी म्हणालो. "माणसांचा असतो. तिथल्या एक बाई सगळं आपल्यालाच कळतं असं समजून सेटिंगमध्ये बोटं घालत बसल्या. आठ दिवस लॅब आडवी! मी जाऊन दहा मिनिटांत सरळ केलं."

"कोठली बाई?" पुढच्या रांगेतल्या एका वयस्क मिरची व्यापाऱ्याने विचारलं.

"नवापूरकडची."

"मंग काय!" तो म्हणाला. "त्या लोकेसले काय समजस कॉम्प्युटरमझार?"

सगळे हसले. मीही हसलो. नुसता हसलो नाही, हसू ओसरू नये म्हणून हातवारे करून बाईंची वाकून वाचायची नक्कल केली. आणखी हसू आलं. मागच्या ओळीत एक तरुण मुलगी वहीत लिहून घेत होती. कुठल्यातरी बियाण्याच्या दुकानात हिशेबनीस असावी. ती हसली नाही. तिने वही मिटली आणि पिशवीत टाकली. तिचं गाव, तिची जात, मला काहीच माहीत नाही. तिने वही का मिटली हेही माहीत नाही. पण त्यानंतर मला पुढचं वाक्य सुचेना. मी पाणी प्यायलो. मग "बाकी सगळं तक्त्यात आहे" असं म्हणून खाली बसलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आलो, बायकोने विचारलं, "कसं झालं?" मी तिला सगळं सांगितलं. कागदाचं, वायरीचं, मान वळवून बघितल्याचं. ती भाजी निवडत होती. निवडायची थांबली.

"तो कागद म्या दिन्हा व्हता तुमले," ती म्हणाली.

"हा."

"आनि तुम्ही तिन्हाच कागद वाचीसन तिलेच..." ती उठली. भाजीची परात उचलून आत गेली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

दुसऱ्या दिवशी मी शहाद्याला डॉक्टरांकडे गेलो. सगळं सांगितलं, न चालवलेल्या तीन सिस्टीमपासून. जुन्या पेन ड्राइव्हचंही. बोलताना मी त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत होतो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती स्वतः येऊन म्हणाली होती, आकडा मी उलटा टाकला. मी तिला एक प्रश्न विचारला नाही. तुम्ही नुसतं पाहिलंत आणि मी मानलं." पुढे त्यांनी विचारलं, "तिला सांगितलंत?"

"नाही."

"मग माझ्याकडे आधी का आलात?"

याचं उत्तर मला माहीत होतं. डॉक्टरांसमोर कबूल करणं सोपं होतं. आम्ही एकाच पंगतीत बसणारी माणसं.

दोन दिवसांनी मी नवापूरला गाडीने गेलो. पुढे गावापर्यंत रिक्षा. बाई आता तालुक्यातल्या एका छोट्या दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करत होत्या. रविवारी घरी असतील असं कळलं होतं. पण रविवारी त्यांची चर्चमध्ये प्रार्थना असते हे माझ्या डोक्यात आलं नाही. घराला कडी होती. मी बाहेरच्या ओट्यावर तासभर बसलो. शेजारच्या घरातल्या माणसाने पाणी आणून दिलं आणि कुठून आलात एवढंच विचारलं. मग बाई आणि त्यांची म्हातारी आई पायवाटेने येताना दिसल्या. मला बघून बाई थबकल्या. मग आल्या, कडी काढली, खाट बाहेर आणून टाकली.

"बसा, भाऊ."

मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली. घरून शब्द जुळवून आणले होते, ते जागेवर राहिले नाहीत. जे झालं ते क्रमाने सांगितलं. बैठकीतलंही सांगितलं. केलेली नक्कलही. त्यांनी मध्ये अडवलं नाही. आई दारात बसून माझ्याकडे बघत होती. तिने कोकणीत काहीतरी विचारलं, बाईंनी दोन शब्दांत उत्तर दिलं. ते काय होतं ते मला समजलं नाही. म्हातारी उठून आत गेली.

"कागद मला दिसला होता," बाई म्हणाल्या. "तुमच्या मांडीवर."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"आदल्या दिवशी त्या पेशंटला जीपमधून उतरवून घेतलं होतं. ती पांढरी पडली होती. आकडा माझ्या हातून चुकला होता, भाऊ. ज्याच्या हातून आकडा चुकला, त्याने वायरीचं काय बोलायचं? लोक म्हणाले असते, स्वतःला वाचवायला सांगते."

"चूक माझी होती," मी म्हणालो. "आकडे हाताने भरायची वेळच यायला नको होती."

"वायर तुमची. आकडा माझा. माझा आकडा तुम्ही घेऊ नका." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. मी खाटेवर बसलो.

मी म्हणालो की मी डॉक्टरांना सांगितलं आहे, ते तुम्हाला परत बोलावणार आहेत. मी लेखी माफी देतो, हवी तशी.

"मला कागद नको," त्या म्हणाल्या. "जिथे हसले तिथे सांगा. त्याच माणसांना."

आईने काळा चहा आणून दिला. मी तो प्यायलो. निघताना बाईंनी एकच प्रश्न विचारला. "मिंट आणि डेबियन आता तरी चालवून पाहिलंत का?"

"नाही," मी म्हणालो. खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती.

बाईंनी रिकामा कप उचलला. रिक्षा कुठून मिळेल ते सांगितलं.

पुढच्या बैठकीत मी बोलायची वेळ मागितली. शेवटच्या पाच मिनिटांत मिळाली. चहा येऊन गेला होता, निम्मी माणसं चपला शोधत होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो की मागच्या वेळी मी ज्या बाईंवर हसलो आणि तुम्हाला हसवलं, बिघाड त्यांनीच शोधला होता आणि दुरुस्तीही त्यांनीच लिहून दिली होती. मी ती चोरली आणि दोष त्यांच्यावर टाकला. तक्ताही मी न तपासता केला होता, त्यावर विसंबू नका. अकरा माणसं बसलेली होती. मी मोजली. त्यातल्या किती जणांनी ऐकलं, सांगता येणार नाही. तो वयस्क मिरची व्यापारी होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे ना भो. इतलं काय मनले लाई लेस? व्हयी जास असं."

तो मला समजावत होता, आणि क्षणभर मला ते समजावणं हवंहवंसं वाटलं. खोली निम्मी रिकामी होती याचंही बरं वाटलं होतं. हे दोन्ही मी बाईंना कळवलं नाही. फक्त 'सांगितलं' असा निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं, 'ठीक.'

डॉक्टरांनी त्यांना दोनदा फोन केला. त्या परत आल्या नाहीत. इथल्या लॅबमध्ये काम बरं चाललंय, आई थकली आहे, असं त्यांनी सांगितलं. तिथे त्यांनी स्वतः डेबियन बसवलं आहे आणि रक्ताचं मशीन त्याला जोडलं आहे, असं डॉक्टरांकडूनच कळलं.

मी मग दुकानात तीन सारखी जुनी मशीन शेजारी शेजारी मांडली. एकावर उबंटू, एकावर मिंट, एकावर डेबियन. महिनाभर माझी रोजची कामं आळीपाळीने त्यांच्यावर केली. माझा तक्ता बऱ्याच ठिकाणी चुकलेला निघाला. जी कठीण लिहिली होती, ती एकदा बसवल्यावर सर्वांत कमी त्रास देते. सोपी लिहिली होती ती खरंच सोपी आहे, पण मराठीतल्या जुन्या फॉन्टमधल्या फायली तिन्हींवर सारख्याच अडतात, आणि ही अडचण तर मी कुठेच लिहिली नव्हती. आपल्या भागात निम्मी दुकानं त्याच फायलींवर चालतात. शिवाय कोणती सिस्टीम चांगली हे सिस्टीमवर थोडं आणि तिला कोणकोणत्या वायरी जोडायच्या आहेत यावर जास्त ठरतं. एवढं कळायला महिना लागला. बाईंनी ते पहिल्याच दिवशी एका प्रश्नात विचारलं होतं.

परवा एक डाळ मिलवाला आला. तीन मशीनवरची विंडोज बदलायची होती. "कोणतं लिनक्स टाकू?" त्याने विचारलं.

"तुमचा वजनकाटा आणि लेबलचा प्रिंटर पंधरा दिवस दुकानात ठेवा. लावून बघतो, मग सांगतो."

"पंधरा दिवस? तुम्ही तर तज्ज्ञ ना?"

"नाही," मी म्हणालो. तो दुसऱ्या दुकानात गेला.

अडलं तर कधीतरी मी बाईंना फोन करतो. मागच्या आठवड्यात डेबियनवर बारकोड प्रिंटरची रेघ तिरकी येत होती. त्यांनी ऐकून घेतलं, कागदाचा आकार कुठे बदलायचा ते नीट सांगितलं, मी केलं का विचारलं, झालं म्हटल्यावर "बरं" म्हणाल्या. मी आई कशी आहे म्हणून विचारायला तोंड उघडलं. तोवर फोन बंद झाला होता.